इंधनदाबातील बिघाड (पिस्टन विमान इंजिन)

लहान पिस्टन विमानाच्या इंजिनाला कार्बुरेटर किंवा इंधन-अंतःक्षेपण यंत्रणेपाशी विहित दाबाने इंधन न मिळणे, यास इंधनदाबातील बिघाड म्हणतात. बारामती, धुळे, गोंदिया येथील बहुतांश प्रशिक्षण विमाने याच वर्गातील इंजिनांवर चालतात. एकच इंजिन असलेल्या विमानात उड्डाण घेताच हा दोष उद्भवल्यास वैमानिकाच्या हाती काही सेकंदच उरतात.

रचना

सेसना १५२ मध्ये टाक्या वरच्या पंखांत असल्याने इंधन गुरुत्वाकर्षणाने उतरते. तेथे इंधनपंप नसतो आणि इंधनदाबमापकही नसतो. खालच्या पंखांच्या विमानांत मात्र इंजिनावर चालणारा पडदा-पंप आणि त्याच्या जोडीला विद्युत पंप लागतो. कार्बुरेटरयुक्त लायकमिंग ओ-३६० इंजिनास ०.५ ते ८ पीएसआय दाब चालतो, तर अंतःक्षेपण असलेल्या आयओ-३६० इंजिनास साधारणपणे किमान १४ पीएसआय लागतो. त्यामुळे त्या-त्या विमानाच्या पुस्तिकेतील मर्यादाच प्रमाण मानतात.

निदान

प्रथम मापकावर संशय घेणे श्रेयस्कर ठरते. इंजिन सुरळीत चालत असूनही काटा खाली असेल, तर तपासलेले दुसरे मापक जोडून वाचन ताडून पाहतात. संवेदक अथवा मापकाच्या नळीतील बारीक छिद्र तुंबल्याचे अनेकदा आढळते.

विद्युत पंप बंद करताच दाब घसरल्यास इंजिनचा पंप अशक्त झालेला असतो. त्याच्या निचरा नळीतून इंधन ठिबकणे हे पडदा फाटल्याचे लक्षण होय. दाब थरथरत असल्यास पंपाच्या ओढीच्या बाजूने हवा शिरत असण्याची शक्यता असते. अशी गळती बाहेर दिसत नाही, मात्र विद्युत पंप सुरू केल्यावर सांध्यावर १००एलएल इंधनाचा निळा डाग उमटू शकतो. टाकीच्या श्वासनळीत कुंभारीण माशीने घर केल्यास टाकीत निर्वात निर्माण होऊन पुरवठा हळूहळू आटतो. गाळणीतील कचरा व पाणीही तपासतात.

वळसंग, अक्कलकोट, सोलापूर या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. विमान पेट्रोलचा बाष्पदाब ३८ अंशांस ३८ ते ४९ किलोपास्कल असतो. थांबवलेल्या तप्त इंजिनाच्या आवरणाखाली नळ्यांतील इंधनाचे बाष्प होते आणि पंप द्रवाऐवजी बाष्प ओढू लागतो. इंजिन थंड झाल्यावर हा दोष नाहीसा होतो, म्हणून दुरुस्तीगृहात तो सहसा सापडत नाही.

अंतःक्षेपण इंजिनांतील एक फसवे लक्षण असे, की अनेक विमानांतील इंधनप्रवाहमापक वस्तुतः वितरकावरील दाबच दाखवतो. एखादी तोटी तुंबल्यास तो प्रवाह वाढल्याचे दर्शवतो. प्रत्यक्षात त्या सिलिंडरला इंधन कमी मिळत असते.

दाब मर्यादेपेक्षा जास्त झाल्यास कार्बुरेटरची सुई-झडप इंधन रोखू शकत नाही. ते ओसंडून आगीचा धोका संभवतो. दुरुस्तीनंतर दोन्ही पंप स्वतंत्रपणे चालवून दाब नोंदवतात, गळती तपासतात आणि परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याच्या प्रमाणनानंतरच विमान सेवेत घेतात.