साठीनंतरचा मधुमेह : स्वतः सांभाळताना

स्वव्यवस्थापन शिक्षण म्हणजे काय?
मधुमेहाचा रोजचा सांभाळ रुग्णाला स्वतः करता यावा, यासाठीचे प्रशिक्षण. त्याची सात अंगे : आहार, हालचाल, औषधे, साखरेची तपासणी, धोके टाळणे, अडचणी सोडवणे आणि मनाचा तोल.

आकडे
• निदान : उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक.
• एचबीए१सी : मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज.
• ज्येष्ठांचे लक्ष्य : प्रकृती चांगली असल्यास साधारण ७ ते ७.५ टक्क्यांच्या आत. अनेक आजार असल्यास ८ च्या आत.

साखर उतरली तर (७० च्या खाली)
घाम, थरथर, चक्कर, गोंधळ. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही घालू नये. १०८ ला फोन करावा.

श्रावणी सोमवार
पुणे जिल्ह्यातील ओतूरला मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराची यात्रा भरते, घरोघरी उपवास असतात.
• साबुदाणा, बटाटा, रताळे : पिष्टमय. साखर वाढते.
• इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन उपाशी राहणे : साखर धोकादायक उतरू शकते. उपवासाच्या दिवशीची मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी.

पाय
मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्याला काटा टोचलेला कळत नाही. शेतात अनवाणी जाऊ नये. रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात.

मदत
• असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम : २०१० पासून. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांची मधुमेह तपासणी.
• ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन : १४५६७.
• जागतिक मधुमेह दिन : १४ नोव्हेंबर.