वेतनविश्लेषण संगणक प्रणालीत कर्मचाऱ्यांच्या वेतनमाहितीची आयात व मांडणी : ग्रामीण अनुदानित महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना :

अनुदानित महाविद्यालयातील अध्यापकाचे मूळ वेतन एकदा निश्चित झाले की महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, निवृत्तिवेतनविषयक लाभ आणि पुढील प्रत्येक वेतनवाढ त्याच एका आकड्यावर उभी राहते. हा आकडा पूर्वी सेवापुस्तकात व वेतन देयकाच्या नोंदवहीत हाताने लिहिला जात असे. आज महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांसाठी 'सेवार्थ', शाळांसाठी 'शालार्थ' आणि अनुदानित महाविद्यालयांसाठी उच्च व तंत्र शिक्षण विभागाची सेवार्थ प्रणाली अशा संगणकीय व्यवस्था आहेत. या प्रणालींचे मुख्य कार्य वेतन देयक तयार करणे हे होय. समान सेवा झालेल्या दोन अध्यापकांच्या वेतनात तफावत का आहे, ज्येष्ठाचे वेतन कनिष्ठापेक्षा कमी तर नाही ना, थकबाकी किती निघेल, या प्रश्नांची उत्तरे मात्र वेतनविश्लेषणातून मिळतात. त्यासाठी माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यावी लागते. या प्रक्रियेस 'आयात' असे म्हणतात. ही प्रक्रिया कशी करावी आणि तीत कोणत्या ठिकाणी दोष निर्माण होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

1) स्तंभांची व्याख्या :

आयातीपूर्वी प्रत्येक स्तंभाचा अर्थ लेखी ठरविणे ही पहिली पायरी होय. 'वेतन' या एका शब्दाखाली निदान तीन वेगवेगळ्या रकमा येऊ शकतात : अनुज्ञेय मूळ वेतन, भत्त्यांसह एकूण वेतन आणि कपातीनंतर हाती पडलेले वेतन. अर्धवेतनी रजेवर असलेल्या अध्यापकाची त्या महिन्याची अदा रक्कम त्याचा वेतनदर म्हणून घेतल्यास तुलनाच चुकते. तसेच तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे मानधन तासिकांच्या संख्येवर अवलंबून असते. ते नियमित अध्यापकाच्या मासिक वेतनाच्या स्तंभात ठेवू नये. त्यासाठी दर, तासिका व कालावधी असे स्वतंत्र स्तंभ असावेत.

स्थळनामाबाबतही हीच दक्षता आवश्यक आहे. वऱ्हाडात हिवरखेड नावाचे एक मोठे गाव अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात आहे, तर त्याच नावाचे दुसरे गाव अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आहे. दोन्ही जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. अशा वेळी केवळ 'हिवरखेड' या नावावरून दोन याद्या जोडल्यास एका गावाची माहिती दुसऱ्या गावाच्या खात्यात जाऊ शकते. म्हणून व्यक्ती, संस्था व गाव यांची जोडणी नावाने न करता सांकेतिक क्रमांकाने करावी.

घरभाडे भत्त्यासाठी निवासाचे नव्हे तर कर्तव्याचे ठिकाण विचारात घेतले जाते. शहरांच्या वर्गीकरणात अमरावती महानगर 'वाय' वर्गात असून ग्रामीण भाग 'झेड' वर्गात मोडतो. सातव्या वेतन आयोगानुसार या वर्गांचे प्रारंभीचे दर अनुक्रमे 16 व 8 टक्के होते. पुढे महागाई भत्त्याबरोबर दरवाढीची तरतूद आहे. अमरावतीस राहून हिवरखेडला शिकविणाऱ्या अध्यापकाचा घरचा पत्ता स्तंभात पडल्यास 63,000 रुपये मूळ वेतनावर 5,040 ऐवजी 10,080 रुपये दिसतील. आज ही रक्कम जास्त वाटली तरी उद्या तिची वसुली निघते.

2) फाईलचे शुद्धीकरण :

आयातीसाठी बहुधा स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे केलेली फाईल वापरली जाते. आपल्याकडे रक्कम 1,31,400 अशी लिहितात. हे स्वल्पविराम तसेच राहिल्यास प्रणाली त्या एका रकमेचे तीन तुकडे करून तीन स्तंभांत टाकू शकते. म्हणून रकमा 131400 अशा सलग लिहाव्यात.

कार्यालयातील जुन्या याद्या अनेकदा युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित असतात. त्या आयात केल्यावर नावांच्या जागी निरर्थक अक्षरे उमटतात. त्यांचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे. क्रमांकाच्या आरंभीचे शून्य गळू नये यासाठी कर्मचारी क्रमांक व बँक खाते क्रमांक 'मजकूर' या प्रकारात ठेवावेत.

तारखेचा दोष अधिक सूक्ष्म असतो. 03/07/2019 ही आपल्या रीतीने 3 जुलै होय. परंतु अमेरिकन मांडणी गृहीत धरणारी प्रणाली ती 7 मार्च समजते. सातव्या वेतन आयोगाच्या नियमांनुसार 2 जानेवारी ते 1 जुलै या काळात नियुक्त झालेल्यांस वेतनवाढ 1 जानेवारीला आणि 2 जुलै ते 1 जानेवारी या काळातील नियुक्तांस 1 जुलैला मिळते. म्हणजे 1 जुलै 2020 ची पहिली वेतनवाढ प्रणाली 1 जानेवारी 2020 ला दाखवील आणि कोणताही दोषसंदेश येणार नाही.

3) वेतननिश्चितीचे उदाहरण :

विद्यापीठ व महाविद्यालयीन अध्यापकांना सातवा वेतन आयोग लागू करणारा निर्णय महाराष्ट्र शासनाने 8 मार्च 2019 रोजी काढला; वेतनश्रेणी 1 जानेवारी 2016 पासून अमलात आल्या. जुन्या मूळ वेतनास 2.57 ने गुणून येणारी रक्कम संबंधित शैक्षणिक स्तरात शोधावी, ती नेमकी नसल्यास लगतचा वरचा टप्पा द्यावा आणि ती पहिल्या टप्प्यापेक्षाही कमी असल्यास पहिला टप्पा द्यावा, असा नियम आहे. येथे जुने मूळ वेतन म्हणजे वेतनबँडमधील वेतन अधिक शैक्षणिक श्रेणीवेतन, म्हणजेच ए.जी.पी. होय.

समजा, एका सहायक प्राध्यापकाचे वेतनबँडमधील वेतन 17,990 व ए.जी.पी. 6,000 रुपये आहे. एकूण 23,990 गुणिले 2.57 म्हणजे 61,654 रुपये होतात. स्तर 10 मधील टप्पे 57,700, 59,400, 61,200, 63,000 असे असल्याने त्याचे वेतन 63,000 निश्चित होते. आता आयात करताना ए.जी.पी.चा स्तंभ जोडायचा राहिला असे मानू. 17,990 गुणिले 2.57 म्हणजे 46,234. ही रक्कम पहिल्या टप्प्यापेक्षा कमी असल्याने प्रणाली नियमाप्रमाणे 57,700 देईल. हा आकडा वेतनस्तरातील असल्याने पाहणाऱ्यास शंका येत नाही. नुकसान मात्र दरमहा 5,300 रुपयांचे आहे. दोन वेतनवाढींनंतर 66,800 व 61,200 यांतील अंतर 5,600 रुपये होते आणि त्यावरील महागाई भत्ता वेगळा.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र जी नोंद नाकारते तिची चिंता करावी लागत नाही, कारण ती दिसते. यंत्राने निमूटपणे स्वीकारलेली चुकीची नोंद अधिक घातक असते.

4) ताळा व पडताळणी :

आयातीनंतर तीन प्रकारचे ताळे घ्यावेत. पहिला, व्यक्तींची संख्या व रकमांची बेरीज मूळ देयकाशी जुळते काय हे पाहावे. दुसरा, गुणोत्तराचा ताळा. 2016 च्या सुधारित वेतनास मूळ देयकातील जुन्या वेतनाने भागले असता उत्तर 2.57 पेक्षा कमी येता कामा नये. वरील उदाहरणात 63,000 भागिले 23,990 म्हणजे 2.63 येतात; 57,700 धरल्यास 2.41 येतात व दोष लगेच उघड होतो. तिसरा, काही नोंदी प्रत्यक्ष सेवापुस्तकाशी ताडून पाहाव्यात. त्यांत पदोन्नती, रजा व बदली झालेल्यांचा आवर्जून समावेश असावा.

नोंद करणारा व तपासणारा एकच असू नये. 2025 मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांद्वारे अपात्र व्यक्तींचे वेतन काढल्याचा आरोप असलेले प्रकरण उघडकीस येऊन त्याचा पोलीस तपास सुरू झाला. प्रणाली कितीही चांगली असली तरी प्रवेशाचे अधिकार व पडताळणी यांची व्यवस्था माणसांनाच करावी लागते.

गोपनीयतेचाही विचार आवश्यक आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे असते. परंतु बँक खाते, पॅन, आधार यांची विश्लेषणास गरज नसते. असे स्तंभ आयातीपूर्वीच वगळणे इष्ट होय.

निष्कर्ष :

वेतनविश्लेषणासाठी महागडी प्रणालीच हवी असे नाही. लहान महाविद्यालयास साधी संगणकीय तक्तापत्रिकाही पुरेशी ठरते. स्तंभांची लेखी व्याख्या, शुद्ध फाईल, निवडक नोंदींची चाचणी आयात आणि स्वतंत्र पडताळणी हा क्रम पाळला तर दोष वेळीच सापडतात. अध्यापकानेही आपले वेतनबँडमधील वेतन, ए.जी.पी., स्तर व वेतनवाढीची तारीख या चार नोंदी सेवापुस्तकाशी ताडून पाहाव्यात. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. एक गुणाकार व एक भागाकार पुरेसा आहे. निवृत्तीच्या वेळी चूक सापडण्यापेक्षा ती आज सापडणे संस्था व अध्यापक या दोघांच्याही हिताचे आहे.