धक्काशोषकांची झीज आणि त्यांची बदली

पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेवर, माने भंज्यांग नावाचे एक लहानसे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवरील या गावापासून सिंगालीला पर्वतरांगेच्या माथ्याने एक वाट संदकफूकडे चढत जाते. अंतर जेमतेम ३१ किलोमीटर. पण तेवढ्यात ती वाट ३,६३६ मीटरांची उंची गाठते. अलीकडच्या वर्षांत तिच्या बऱ्याच भागावर काँक्रीट घालण्यात आले. त्यापूर्वी अनेक दशके ती ओबडधोबड दगडगोट्यांनी भरलेली होती, आणि तिच्यावरून प्रवासी, शिधासामग्री व प्रसंगी रुग्णही वाहून नेण्याचे काम १९५० च्या दशकातील लँड रोव्हर गाड्या करीत असत. १९४८ साली ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आलेली ही चारचाकी चलनाची गाडी मूळ शेतकऱ्यांसाठी घडविलेली होती. हिमालयाच्या या कुशीत तिने आपले दुसरे आयुष्य काढले.

इतकी वर्षे अशी गाडी चालती ठेवणे हे केवळ इंजिनाच्या बळावर शक्य होत नाही. इंजिन थांबले तर गाडी थांबते आणि बिघाड तत्काळ लक्षात येतो. परंतु गाडीत असेही काही भाग असतात की, जे निकामी झाल्यावरही गाडी चालतच राहते, आणि धोका नेमका त्यातच असतो. धक्काशोषक, अर्थात शॉक ॲब्सॉर्बर, हा अशा भागांपैकी एक होय.

नावातील गैरसमज

या भागाचे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. रस्त्यावरचा धक्का प्रथम झेलतात ते टायर आणि कमान पाटे. पोलादाच्या लवचीक पट्ट्या एकीवर एक रचून बनविलेले हे पाटे चाक दगडावर चढले की वाकतात आणि धक्क्याची ऊर्जा आपल्यात साठवून ठेवतात. पण साठविलेली ऊर्जा परत करणे हाही पाट्याचा धर्मच आहे. तो उसळून सरळ होतो, गाडीला वर फेकतो, पुन्हा दबतो, आणि अशा रीतीने एका दगडाचा हिशेब चुकता होण्यास बराच वेळ लागतो. तेवढ्यात दुसरा दगड आलेला असतो.

धक्काशोषकाचे खरे काम या आंदोलनांना आवर घालणे हे आहे. पाट्यात साठलेली ऊर्जा तो उष्णतेत बदलतो आणि ती हवेत जाऊ देतो. गाडीचे वजन तो पेलत नाही. ते सर्वस्वी पाट्यांवर असते. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण पुढे बदलीच्या कामात तिचा फार उपयोग होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम घर्षणावर चालणाऱ्या चकत्या करीत असत. फ्रान्समध्ये त्रुफो व अमेरिकेत हार्टफर्ड यांची नावे या चकत्यांशी जोडली गेलेली आहेत. पुढे तेलाचा उपयोग सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धातील जीपला दुर्बिणीप्रमाणे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे धक्काशोषक होते, आणि थोड्याफार फरकाने आजही तीच रचना प्रचलित आहे.

नळकांड्याच्या आत

बाहेरून हा भाग म्हणजे दोन टोकांना कडी असलेले एक लोखंडी नळकांडे दिसते. आत दुसरी, अरुंद नळी असते व ती तेलाने भरलेली असते. तिच्यात एका गुळगुळीत दांड्याच्या टोकाला बसविलेला दट्ट्या खालीवर होतो. दट्ट्याला बारीक छिद्रे व त्यांवर पोलादी पातळ चकत्यांच्या झडपा असतात. दट्ट्या सरकला की तेलाला या चिंचोळ्या वाटांतून जावे लागते, आणि तेल घाई सहन करीत नाही. हळू ढकलले तर ते सहज वाट देते. जोराने ढकलले तर तितक्याच जोराने विरोध करते. विहिरीच्या पाण्यात हात सावकाश फिरविणे आणि पाण्यावर तळहात आपटणे यांतील फरक ज्याने अनुभवला आहे, त्याला हे तत्त्व निराळे समजावून देण्याची गरज नाही.

खालच्या बाजूस आणखी एक झडप असते. दांडा आत शिरला की तेवढ्या आकारमानाचे तेल तिच्यातून बाहेरच्या नळीत जाते व दांडा बाहेर आला की परत येते. सामान्यतः दांडा बाहेर येतानाचा विरोध आत जातानाच्या विरोधापेक्षा अधिक ठेवलेला असतो. चाकाला दगडावर चढण्याची मोकळीक असावी, पण दबलेल्या पाट्याने उसळी घेऊ नये, असा त्यामागील हेतू आहे.

तेल आणि हवा एकाच ठिकाणी असल्यामुळे एक अडचण उद्भवते. लांब व खडबडीत रस्त्यावर दट्ट्या सतत घुसळत राहिला, तर ताकात यावा तसा तेलात फेस येतो. फेस छिद्रांतून विनासायास निसटतो आणि विरोध ओसरतो. यावर उपाय म्हणून वायूच्या दाबाखाली तेल ठेवण्याची युक्ती फ्रेंच अभियंता द कार्बों याने १९५० च्या दशकात रूढ केली. आजच्या अनेक धक्काशोषकांत हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असतो तो याच कारणासाठी.

झीज कशी ओळखावी

धक्काशोषक एका दिवसात मरत नाही. दांड्यावरचे रबरी सील झिजते, तेल कणाकणाने बाहेर येते, झडपांच्या चकत्या थकतात. हा ऱ्हास इतका संथ असतो की, रोज गाडी हाकणाऱ्याचा हात नकळत त्याच्याशी जुळवून घेतो. तो वळणावर थोडा लवकर वेग कमी करू लागतो, चक्र अधिक घट्ट धरू लागतो, आणि गाडी पूर्वीसारखीच आहे असे प्रामाणिकपणे सांगतो. नवखा माणूस त्याच गाडीत बसला तर दहा मिनिटांत अस्वस्थ होतो.

याचे परिणाम केवळ प्रवाशांच्या कंबरेपुरते मर्यादित नसतात. गाडीचा सांगाडा पाट्यांवर सेकंदाला साधारणतः एक ते दोन आंदोलने घेतो, तर धुरा आणि चाके स्वतंत्रपणे दहा ते पंधरा. कच्च्या रस्त्यावर पडणाऱ्या आडव्या लाटा सर्वांनी पाहिल्या असतील. अशा दोन लाटांमध्ये ७० सेंटिमीटर अंतर आहे आणि गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर आहे असे मानू. चाकाला सेकंदाला सुमारे १४ धक्के बसतील. ही संख्या चाकाच्या स्वाभाविक आंदोलनांच्या मर्यादेत येते, त्यामुळे प्रत्येक धक्का आधीच्या उसळीत भर घालतो. आवर घालणारे कोणी नसेल, तर चाक जमिनीला केवळ ओझरते शिवत जाते. आणि जमिनीवर न टेकलेल्या चाकाला ब्रेक लावता येतो, पण त्याने गाडी थांबत नाही. ते वळविता येते, पण त्याने गाडी वळत नाही. एका बाजूस दरी असलेल्या उतारावर याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

या लाटा निर्माण होण्याचा दोष मात्र सर्वस्वी गाडीच्या पाट्यांवर टाकता येत नाही. टोरोंटो, केंब्रिज व लिऑं येथील भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, वाळूच्या फिरत्या थरावर पाटा नसलेले साधे चाक ठेवले असताही, विशिष्ट वेगानंतर लाटा उमटल्याचे आढळले.

झीज ओळखण्याची एक लोकप्रिय रीत म्हणजे गाडीचा कोपरा दाबून सोडणे व ती किती वेळा हलते ते पाहणे. मोटारींच्या बाबतीत ती काही अंशी उपयोगी आहे. परंतु कमान पाट्यांच्या जीपवर ती फसवी ठरते. पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासत असल्याने धक्काशोषक निकामी असला तरी गाडी लवकर स्थिर होते. त्याऐवजी पुढील लक्षणे पाहावीत. नळकांड्यावर तेलाचा ओघळ व त्यावर चिकटलेली माती. नुसता पुसट ओलसरपणा असल्यास चिंता नसावी. कड्यांतील चिरलेले किंवा सैल रबरी बुश. दांड्यावरील ओरखडे अथवा गंज. टायरवर ठरावीक अंतराने पडलेले खोलगट चट्टे. अनुभवी कारागीर आणखी एक परीक्षा करतात: खडबडीत रस्त्यावरून आल्याबरोबर ते चारही नळकांड्यांना जपून हात लावून पाहतात. जे काम करीत आहे ते गरम असते. जे थंड आहे त्याने काम सोडलेले असते.

बदलीचे काम

येथे वर्णिलेली पद्धत पुढेमागे अखंड धुरा व कमान पाटे असलेल्या गाड्यांची आहे. लँड रोव्हर, जुनी जीप आणि १९८५ साली भारतात आलेली जिप्सी या सर्व त्या जातीच्या. ज्या गाड्यांत मळसूत्री स्प्रिंग आणि धक्काशोषक एकाच जुडग्यात गुंफलेले असतात, त्यांचे काम विशेष साधनांशिवाय कोणी अंगावर घेऊ नये. दाबलेली स्प्रिंग निसटल्यास ती प्राणघातक ठरते.

गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करून चाकांच्या दोन्ही बाजूंस दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चारचाकी चलनाच्या जुन्या गाड्यांत हा उपचार नव्हे, ती अत्यावश्यक गोष्ट आहे. लँड रोव्हर किंवा जीप यांचा हातब्रेक चाकांवर नसून मागील चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर असतो. मागचे एक चाक उचलले की, धुऱ्यातील भेददर्शक दंतचक्रांमुळे ते मोकळे फिरू शकते आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते.

वस्तुतः चाक उचलण्याची फारशी आवश्यकता नसते. वजन पाट्यांवर असल्यामुळे गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना धक्काशोषक काढता येतो. जागेसाठी उचलावीच लागली, तर आधाराची लोखंडी घोडी धुऱ्याखाली द्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये.

गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीच तारेचा ब्रश फिरवून पातळ तेल सोडून ठेवल्यास निम्मे श्रम वाचतात. नट हलत नाही म्हणून ज्योत लावण्याचा मोह टाळावा. जवळच रबर, तेल आणि बहुधा दाबाखालील वायू असतो. दुभंगी पिन काढून नट व वॉशर सोडवावेत आणि प्रथम खालचे, नंतर वरचे टोक खुंटीवरून ओढून घ्यावे. जुना धक्काशोषक हातात आल्यावर तो उभा धरून दांडा सावकाश ओढावा व दाबावा. विरोध सर्वत्र सारखा असावयास हवा. मध्येच पोकळ जागा लागली, तर निदान बरोबर होते असे समजावे.

या वेळी खुंट्या व त्यांचे आधार उघडे पडलेले असतात. तेथे तडे आहेत काय, पाट्याची एखादी पट्टी तुटली आहे काय, धुऱ्यावरचा रबरी ठोकळा शाबूत आहे काय, हे पाहून घ्यावे. अशी संधी पुन्हा लवकर येत नाही.

नवा धक्काशोषक निवडताना त्याच्या लांबीकडे लक्ष द्यावे. पाटे बदलून गाडीची उंची वाढविलेली असल्यास मूळ मापाचा भाग आखूड पडतो. चाक खड्ड्यात लोंबले की सारा भार त्याच्यावर येतो आणि तो खुंटीसकट उपटला जातो. उलट, तो फार लांब असल्यास पाटा पूर्ण दबण्यापूर्वीच दट्ट्या तळाला आदळतो.

दुकानात आडव्या पडून राहिलेल्या दुहेरी नळीच्या धक्काशोषकात हवा आतल्या नळीत शिरलेली असते. म्हणून तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढावा व दाबावा. दांड्याचा चकचकीत पृष्ठभाग पक्कडीने कदापि धरू नये. त्यावरचा एक ओरखडा नव्या सीलला काही दिवसांत फाडतो. बुश खुंटीवर सरकत नसल्यास साबणाचे पाणी लावावे. खनिज तेल रबराला कुजविते. रबर वॉशरच्या कडेपर्यंत किंचित फुगेल इतकाच नट आवळावा. बुशात धातूची नळी असल्यास मात्र अखेरचा पीळ गाडीचे वजन चाकांवर असतानाच द्यावा. अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. दुभंगी पिन नेहमी नवी घालावी, आणि चाके दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ब्रेकची नळी कोठे घासत नाही ना याची खात्री करून घ्यावी.

एका धुऱ्यावरील दोन्ही धक्काशोषक एकदमच बदलावेत. एक नवा व एक जुना असेल, तर गाडीची एक बाजू आवरलेली व दुसरी मोकळी राहते, आणि जोराचा ब्रेक लागताच ती एकीकडे खेचली जाते. दोघांपैकी एक चांगला दिसतो म्हणून तो ठेवून देणे ही काटकसर नव्हे. काही शे किलोमीटर चालल्यावर सर्व नट पुन्हा तपासावेत. काढलेले भाग कापू किंवा जाळू नयेत, आणि त्यांतील तेल मातीत किंवा ओढ्यात सोडू नये. डोंगरावरील गावांचे पिण्याचे पाणी बहुधा त्याच ओढ्याचे असते.

हे सारे काम दोन पाने, एक हातोडी व थोडा धीर एवढ्या सामग्रीवर अर्ध्या दिवसात होते. ते लांबणीवर पडते ते अवघड आहे म्हणून नव्हे. गाडी चालत आहे म्हणून. परंतु गाडी चालणे आणि गाडी ताब्यात असणे या दोन भिन्न गोष्टी होत. घाटातील उतारावर चालकाच्या मागे बसलेल्या माणसांना त्यांतील फरक ठाऊक नसतो. तो ठाऊक असण्याची जबाबदारी चालकाची आहे.