परसबागेत कोल्हा शिरू नये म्हणून

'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण शेतकऱ्याच्या निरीक्षणातून आलेली आहे. कोल्हा हा केवळ मांसावर जगणारा प्राणी नव्हे. उंदीर, घुशी, खेकडे, टोळ, झाडाखाली पडलेली बोरे, वेलावरची काकडी, खरबूज, मक्याचे कोवळे कणीस, इतकेच नव्हे तर ऊसदेखील तो खातो. जे अन्न विनासायास मिळेल तिकडे तो वळतो, आणि एकदा मिळाले म्हणजे पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. त्याचा बंदोबस्त करू इच्छिणाऱ्याने ही एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी.

सोमेश्वरनगरच्या आसमंतात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाचे मोठे क्षेत्र उभे असते. दिवसा लपण्यास या दाट उसासारखी जागा नाही. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होऊन तोड पडू लागली, की हा आसरा नाहीसा होतो आणि कोल्हे वस्तीच्या जवळ दिसू लागतात. अशा वेळी परसातील खुराडे उघडे राहिले, तर घरच्या लक्ष्मीने अंड्यांवर जमविलेली मिळकत एका रात्रीत जाते. कारण खुराड्यात शिरलेला कोल्हा एकाच कोंबडीवर थांबेल असा भरवसा नसतो.

कोल्हा की खोकड?

आपल्या भागात हे दोन निरनिराळे प्राणी आहेत. कोल्हा अंगाने थोराड, साधारणपणे ८ ते ११ किलो वजनाचा असून सांजवेळी कोल्हेकुई करतो. खोकड मांजराहून थोडेच मोठे, २ ते ३ किलोंच्या आसपास भरणारे, मोठ्या टोकदार कानांचे असून त्याच्या झुपकेदार शेपटीचे टोक काळे असते. ते उघड्या माळरानावर बिळे करून राहते. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथील गवताळ रानांत ते आढळते. दोघेही उंदीर खातात, म्हणून शेतात ते आपले सोबतीच होत. उपद्रव होतो तो परसात. परसाचे दार बंद करावे, शेतातील सोबती मारू नये, हेच धोरण शहाणपणाचे होय.

ओल्या मातीत कुत्र्याहून बरेच मोठे ठसे दिसल्यास मात्र बिबट्याची शंका घ्यावी. अशा वेळी अंधारात बाहेर पडू नये व वन विभागास कळवावे.

प्रथम अन्न बंद करावे

मेलेली कोंबडी, मटण-मासळीची घाण, शिळे अन्न उकिरड्यावर टाकू नये. मेलेल्या कोंबड्या तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात व माती घट्ट दाबावी. कोंबड्यांचे खाद्य रात्री भांड्यात ठेवू नये. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे कोल्हा येतो. पडलेली बोरे व पेरू रोज सायंकाळी वेचावेत. काकडी व दोडका यांचे वेल जमिनीवर न पसरता मांडवावर चढवावेत, म्हणजे फळही स्वच्छ राहते.

खुराडे व कुंपण

खुराड्याची जमीन फरशीची किंवा काँक्रीटची असावी. बाजारात 'चिकन जाळी' म्हणून मिळणारी पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यास पुरते, परंतु कोल्ह्यास बाहेर ठेवण्यास पुरत नाही. तो ती दातांनी ओढून फाडू शकतो. यासाठी एक इंचाहून मोठी भोके नसलेली, वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी वापरावी. दारास नुसता आकडा न लावता कडी-कोयंडा बसवावा. दिवस मावळण्यापूर्वी कोंबड्या मोजून आत घ्याव्यात आणि चांगले उजाडल्यावर सोडाव्यात. हे काम घरातील एका व्यक्तीकडे नेमून द्यावे. ते सर्वांचे म्हटले की कोणाचेच राहत नाही.

परसास कुंपण करावयाचे असल्यास ते सहा फूट उंच असावे व वरचा एक फूट भाग बाहेरच्या बाजूस झुकता ठेवावा. कोल्हा कुंपणाच्या बुडाशी उकरतो. म्हणून जाळीचा खालचा एक फूट भाग बाहेरच्या बाजूस जमिनीवर वळवावा आणि त्यावर माती व दगड दाबावेत. भोवतालचे गाजरगवत व काटेरी झुडपे काढून दोन-तीन हातांची पट्टी मोकळी ठेवावी.

विष व फासा नको

विष घातलेला मांसाचा तुकडा कोण खाईल हे सांगता येत नाही. घरचे कुत्रे, शेजाऱ्याचे मांजर, घार, घुबड यांचाही त्यात बळी जातो. लहान मुलांचा हात तेथे पोहोचला तर काय, याचा विचार करावा. कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह थेट सोडणे हे तर मनुष्यहत्येस आमंत्रण होय. शिवाय कोल्हा व खोकड यांस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने कोल्ह्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत झाला आहे. ऊस तोडताना पिल्ले आढळल्यास त्यांना हात न लावता तेवढी जागा सोडावी. आई त्यांना बहुधा रात्री हलविते.

चावल्यास हयगय नको

माणसास न भिणारा, दिवसाढवळ्या अंगावर येणारा कोल्हा पिसाळलेला असण्याचा संभव असतो. २०२४ साली मुंबईच्या चेंबूर-ट्रॉम्बे भागात मृत कोल्ह्यांना रेबीज झाल्याचे तपासणीत आढळले होते. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. परंतु वेळीच लस घेतल्यास तो टाळता येतो. चावा किंवा ओरखडा लागताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी व डॉक्टरांनी दिलेली सर्व इंजेक्शने पूर्ण करावीत. घरच्या कुत्र्यास दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. जखमी अथवा पिसाळल्यासारखा प्राणी दिसल्यास स्वतः न पकडता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

शेतकरी बंधुभगिनींनो, कोल्हा आपल्या परसात येतो तो वैरभावाने नव्हे, आपण उघड्या टाकलेल्या अन्नासाठी. आज सायंकाळी उकिरडा, खाद्याचे भांडे व खुराड्याची कडी या तीन गोष्टी पाहाव्यात. त्या नीट असतील तर कोल्हा उसात उंदीर मारील आणि कोंबड्या सकाळी मोजून पुऱ्या भरतील.