यंत्राचा पाया दगड आणि इपॉक्सीचा का ओततात?

लेथवर काम चालू असताना कधी किरकिर सुरू होते आणि तयार भागावर बारीक लाटा उमटतात. हत्यार कितीही चांगलं असो, यंत्राचा पाया थरथर जिरवत नसेल तर हे टळत नाही. हा पाया परंपरेने बिडाचा, म्हणजे ज्याचा तवा घरी असतो त्याच ओतीव लोखंडाचा. बिडातलं ग्राफाइट थरथर बऱ्यापैकी जिरवतं. दगडाचे तुकडे इपॉक्सीत बांधून ओतलेला पाया मात्र त्याच्याही कित्येक पट जास्त जिरवतो. स्वित्झर्लंडच्या स्टुडर कंपनीने १९७० च्या दशकात ‘ग्रानिटान’ नावाने असा पाया आपल्या ग्राइंडिंग मशीनना दिला.

नाव इपॉक्सीचं असलं तरी खरं काम दगडाचं. चिक्कीत गूळ दाणे धरून ठेवण्यापुरताच असतो, तसंच इथे. मोठी खडी, तिच्या फटीत बारीक खडी, तिच्या फटीत वाळू, शेवटी दगडाची पूड. मग इपॉक्सी वजनाने दहा टक्क्यांच्या आसपास पुरते. हात सैल सोडून ती जास्त ओतली, तर मिश्रण सोपं होतं पण पाया आकसतो आणि पुढे भाराखाली हळूहळू सरकतो. खडी धुतलेली आणि पूर्ण कोरडी हवी, नाहीतर इपॉक्सी तिला नीट धरत नाही.

हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू. साचा हलवत, थर दाबत हवा बाहेर काढावी लागते. साच्याला आधी मेण लावलेलं नसेल तर साचा कायमचा चिकटला म्हणायचा. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापते, म्हणून मोठ्या ओतकामाला संथ हार्डनर घेतात. हातमोजे हवेतच, हार्डनरची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते.

या दगडात थेट आटे पाडले तर ते टिकत नाहीत. बोल्टसाठी धातूचे इन्सर्ट साच्यातच आधी पक्के बसवतात, आणि त्यातला एक जरी हलला तर चूक ओतल्यावर कळते. शिवाय बिडापेक्षा हा पदार्थ बराच लवचिक, त्यामुळे भिंती जाड ठेवाव्या लागतात. घनता बिडाच्या साधारण एक तृतीयांश असल्याने ते वजनाला परवडतं.

बीड बिघडलं तर परत भट्टीत जातं. हा पाया वितळत नाही, फोडावाच लागतो.