अभ्यासिकेचे इंटरनेट ऐनवेळी बंद पडू नये म्हणून...

शिष्यवृत्ती, महाविद्यालयीन प्रवेश, स्पर्धा परीक्षा, जातवैधता प्रमाणपत्र. आज हे सारे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात. ज्याच्या घरी संगणक नाही तो विद्यार्थी वस्तीतल्या अभ्यासिकेत येतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात फायबर केबल तुटली, तर त्याचे वर्ष वाया जाऊ शकते. म्हणून अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी राउटरवर मोबाईल सिमची राखीव जोडणी करून ठेवावी, असे आम्हाला वाटते.

यासाठी सिमची जागा आणि बाहेरची केबल लावायचे वॅन पोर्ट, दोन्ही असलेला ४जी राउटर लागतो. यूएसबी पोर्टला डोंगल लावूनही काम होते. मात्र काही राउटरचे यूएसबी पोर्ट फक्त पेन ड्राइव्हसाठी असते, हे खरेदीपूर्वी तपासावे. फायबर कंपनीच्या डब्यातून निघालेली केबल आपल्या राउटरच्या वॅन पोर्टला लावावी आणि सर्व संगणक आपल्याच राउटरला जोडावेत.

राउटरच्या तळाशी लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंग उघडते. तिथे फायबर ‘प्रायमरी’, सिम ‘सेकंडरी’ ठेवून ‘फेलओव्हर’ किंवा ‘बॅकअप’ निवडावे. ‘लोड बॅलन्स’ निवडू नये. त्यात दोन्ही जोडण्या एकाच वेळी चालतात आणि सिमचा डेटा विनाकारण संपतो.

खरी मेख पुढे आहे. अनेकदा डब्यापासून राउटरपर्यंतची केबल शाबूत असते, दिवाही लागलेला असतो, पण पुढे इंटरनेट बंद असते. केवळ केबल पाहणारा राउटर अशा वेळी सिमवर जात नाही. म्हणून ‘पिंग’ तपासणी चालू करावी आणि ८.८.८.८ व १.१.१.१ हे दोन्ही पत्ते द्यावेत. दर पाच सेकंदांनी तपासणी आणि सलग तीन वेळा उत्तर न आल्यास बदल, एवढे पुरे.

सिम फायबरच्या कंपनीचे नसावे. एकाच कंपनीत बिघाड झाला तर दोन्ही बंद पडतील. रिचार्जची तारीख भिंतीवर लिहावी. रोजचा डेटा मर्यादित असतो, म्हणून सिमवर असताना व्हिडिओ आणि अपडेट थांबवावेत. वीज गेली तर सिमही कामाचे नाही. फायबरचा डबा आणि राउटर दोन्हींना, अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट पाहून, छोटा यूपीएस लावावा. जोडणी बदलताना लॉगिन तुटू शकते, त्यामुळे अर्जाचे प्रत्येक पान लगेच सेव्ह करण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

शेवटी चाचणी. महिन्यातून एकदा डब्यातली फायबर अलगद काढावी, तिच्या टोकात डोळ्यांनी पाहू नये. मिनिटभरात संकेतस्थळ उघडते का, फायबर पुन्हा लावल्यावर राउटर तिच्यावर परततो का, हे तपासावे. हे काम ‘सगळ्यांचे’ ठेवू नये, एकावर सोपवावे. चाचणी न केलेल्या राखीव जोडणीवर कोणाचाही अर्ज अवलंबून ठेवणे योग्य नाही.