स्थलांतर आणि विकास : म्हसवडचे उदाहरण

स्थलांतर हे मागासलेपणाचे लक्षण होय, असे सामान्यतः मानले जाते. प्रशांत महासागरातील पॉलिनेशियाचा इतिहास पाहता हे मत एकांगी ठरते. तेथील दर्यावर्दी लोकांनी नौकांतून कंद, रोपे व कोंबड्या नेऊन दूरदूरची बेटे वसविली. न्यूझीलंडला ते सुमारे तेराव्या शतकात पोचले. आज टोंगा व सामोआ येथील पुष्कळ कुटुंबांचा निर्वाह परदेशी गेलेल्या आप्तांच्या पैशावर होतो. बर्ट्राम व वॉटर्स या अभ्यासकांनी १९८५ मध्ये अशा बेटांच्या अर्थव्यवस्थेचे चार आधार सांगितले : स्थलांतर, घरी येणारा पैसा, परकीय साहाय्य व सरकारी नोकरी. पैसा येतो, पण स्थानिक उत्पादन त्या मानाने वाढतेच असे नाही, हे त्यातून ध्यानात येते.

हाच प्रश्न आपल्या माणदेशातही उभा राहतो. सातारा जिल्ह्यातील म्हसवड माणगंगेच्या काठी असले, तरी पर्जन्यछायेत आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात जवळच राजेवाडीच्या तलावाचे काम दुष्काळी काम म्हणून निघाले. परंतु अवर्षण संपले नाही. साहजिकच लोक बाहेर पडत राहिले. धनगर मेंढरे घेऊन चाऱ्यामागे फिरतात, वाटेत शेतात मेंढरे बसवून खताच्या मोबदल्यात धान्य मिळवितात. कित्येकांनी मुंबईच्या गिरण्या गाठल्या. १९८२ च्या संपानंतर तो आधार ढासळला. माणदेश व शेजारच्या खानापूर-आटपाडी भागांतील अनेक जण सोने-चांदी शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायासाठी भारतभरच्या सराफ पेठांत स्थायिक झाले.

या तिन्ही वाटांनी घर तगले. परंतु मागे राहिलेल्या स्त्रीकडे शेत, जनावरे व कर्ज यांचा भार आला. तिची बचत ठेवण्यास जागा मात्र नव्हती. म्हसवडच्या स्त्रियांनी बँकेसाठी केलेला पहिला अर्ज प्रवर्तक निरक्षर असल्याच्या कारणावरून नाकारला गेला. त्या लिहावयास शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली.

तात्पर्य, गावाबाहेर मिळविलेला पैसा कुटुंबास दुष्काळातून पार नेतो. गावास पुढे नेण्यासाठी तो गावातच साठविणारी व कामास लावणारी संस्था लागते. म्हणून स्थलांतराचा विचार करताना गेलेल्यांची गणना पुरेशी नाही. राहिलेल्यांच्या हाती काय आले, हेही पाहिले पाहिजे.